चौदा, सतरा, एकोणीस

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या साठ वर्षांचा हिशेब मांडला जात आहे. परीक्षांचे निकाल, स्नेहसंमेलने, नाटके, इमारतीची वाढ यांविषयी जाणकारांनी सांगितले आहे. माझ्या वाट्याला क्रीडांगण आले. वर्षानुवर्षे शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहिलेला मनुष्य भाषणापेक्षा हुकूम सोडण्यात अधिक तरबेज असतो. तेव्हा बोलताना ती लकब कुठे डोकावली, तर आपण सांभाळून घ्यावे.

क्रीडा विभागाचा वार्षिक अहवाल वाचला जातो, तेव्हा सभेतून एकच प्रश्न येतो : यंदा पदके किती? प्रश्न रास्त आहे. पदक मिळाले की मुलाच्या घरी आनंद होतो, शाळेचे नाव वर्तमानपत्रात येते आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर चार मुले अधिक येतात. परंतु मैदानी चमूच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. तीन वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालील गटात धावणारी आपली मुले-मुली आज कुठे आहेत? सतरा वर्षांखालील गटात ती दिसतात का? आजच्या भाषणात मला जे सांगायचे आहे, ते सारे या प्रश्नापाशी येऊन थांबते. शाळेचा हंगाम त्याच्या उत्तरावरून जोखावा, असे माझे मत आहे.

ज्यांचा मैदानी खेळांशी फारसा संबंध आला नाही, त्यांच्यासाठी प्रथम या वयोगटांविषयी थोडे सांगतो. भारतीय शालेय क्रीडा महासंघाची स्थापना १९५४ साली झाली. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट आज देशभरातील शाळांच्या परिचयाचे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की ही केवळ बक्षिसे वाटण्याची सोय आहे. वास्तविक या रेषा शरीराचा विचार करून आखलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत अठरा आणि वीस वर्षांखालील असे गट आहेत. त्यांत गोळ्याचे वजन पाहा. प्रौढ पुरुष ७.२६ किलोचा गोळा फेकतात. वीस वर्षांखालील मुलांसाठी तो ६ किलोचा असतो आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ५ किलोचा. मुलींना अठरा वर्षांपर्यंत ३ किलोचा आणि त्यानंतर ४ किलोचा. अठरा वर्षांखालील मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा, तर मोठ्यांचा ८०० ग्रॅमचा. मुलांच्या ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची अठरा वर्षांखाली ९१.४ सेंटिमीटर, वीस वर्षांखाली ९९.१ सेंटिमीटर आणि प्रौढांसाठी १०६.७ सेंटिमीटर असते. आपल्या शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील गटाची सर्वांत लांब शर्यत ६०० मीटरची आहे. त्या वयात भालाफेक नाही आणि तिहेरी उडीही नाही. पंधराशे आणि तीन हजार मीटरच्या शर्यती सतरा वर्षांखालील गटापासून सुरू होतात आणि पाच हजार मीटर एकोणीस वर्षांखालील गटात येते.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. नियम करणाऱ्यांनी मुलाला वाढायला वेळ दिला आहे. तो वेळ आपण त्याच्याकडून हिरावून घेऊ नये, एवढेच शाळेने आणि घराने पाहायचे.

आता आपला हंगाम कसा चालतो ते पाहू. जूनच्या अखेरीस शाळा भरते आणि तिच्या मागोमाग पाऊस येतो. जबलपूरचा वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आपली काळी माती एकदा भिजली, की बुटाला अशी चिकटते की मुलाचा पाय दुप्पट जड होतो. आदल्या संध्याकाळी मारलेली फक्की सकाळी वाहून गेलेली असते. आणि नेमक्या याच दिवसांच्या आगेमागे जिल्हा पातळीच्या स्पर्धा जाहीर होतात. ज्या शाळेपाशी स्वतःचे मोठे पटांगण नाही, तिची खरी परीक्षा इथे होते. नेपियर टाउनमधून राइट टाउनचे पंडित रविशंकर शुक्ल स्टेडियम पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि रानीतालचे क्रीडासंकुलही शहरातच आहे. ही या वस्तीतील मुलांची मोठी सोय आहे. तरीही पावसाळ्यातला अर्धा सराव व्हरांड्यात होतो. सूर्यनमस्कार, दंड, बैठका, दोरीवरच्या उड्या, जिन्याच्या पायऱ्या आणि जागच्या जागी उभे राहून बॅटन देण्या-घेण्याचा सराव. कंटाळवाणा वाटणारा हा महिनाच पुढच्या सगळ्या हंगामाचा पाया असतो.

जिल्ह्यानंतर संभाग, संभागानंतर राज्य आणि राज्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा, अशी ही शिडी आहे. संभागीय स्पर्धेत आपल्या मुलांना प्रथमच शहराबाहेरचा खेळाडू भेटतो. मंडला आणि दिंडोरीच्या डोंगराळ भागातून आलेली मुले असतात. बालाघाटची असतात. सौंसर-पांढुर्ण्याकडून आलेली, घरी आपल्यासारखीच मराठी बोलणारी मुले असतात. रोज शाळेसाठी काही कोस चालणाऱ्या त्या मुलांच्या पायांत जी ताकद असते, ती पाहून शहरी मुलाला पहिल्यांदा आपले मोजमाप कळते. मी तर म्हणेन, की संभागीय स्पर्धेत हरून येणे हे जिल्ह्यात जिंकून येण्यापेक्षा अधिक शिकवून जाते.

लहान शाळेच्या दृष्टीने या सगळ्यांत महत्त्वाची शर्यत कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी चार बाय शंभर मीटर रिलेचे नाव घेईन. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाच्या शाळा मोजक्या आहेत आणि त्यांची पटसंख्या हा आपल्या सर्वांच्या काळजीचा विषय आहे. दोन-दोन हजार मुलांच्या शाळांसमोर आपण उभे राहतो, तेव्हा एकेरी शर्यतीत त्यांच्याकडे वेगवान मूल सापडण्याची शक्यता उघडच जास्त असते. रिलेत मात्र सरावाला मोल आहे. चार मुली प्रत्येकी चौदा सेकंदांत शंभर मीटर धावत असतील, तर बेरीज छप्पन्न होते. परंतु बॅटन नीट दिले-घेतले, तर संघाची वेळ छप्पन्नपेक्षा कमी भरते, कारण पहिली सोडून बाकीच्या तिघी बॅटन हातात येताना आधीच धावत्या असतात. पूर्वी बॅटन देण्याचा पट्टा वीस मीटरचा होता आणि त्याच्या आधी दहा मीटर वेग घेण्यास मिळत. आता तो सलग तीस मीटरचा आहे. त्या तीस मीटरांत हात केव्हा मागे करायचा, मागे न पाहता बॅटन कसे घ्यायचे, हाक केव्हा द्यायची, हे शिकण्यास पैसे लागत नाहीत. चौघींनी महिनोन् महिने एकत्र राहावे लागते. मोठ्या शाळा पुष्कळदा आयत्या वेळी चार वेगवान मुली निवडतात आणि त्यांचे बॅटन पट्ट्याबाहेर जाते किंवा हातातून पडते. तिथे आपल्याला संधी आहे.

परंतु याच शर्यतीत लहान शाळेचे दुखणेही उघडे पडते. चौघींपैकी एक घरी बसली, की चौघींची शर्यत बुडते. मोठ्या शाळेत पाचवी, सहावी मुलगी तयार असते. आपल्याकडे ती असेलच असे नाही. म्हणून एखादी मुलगी नववीनंतर मैदानावर यायची थांबते, तेव्हा तो तिच्या एकटीच्या घरचा निर्णय राहत नाही. त्याची झळ उरलेल्या तिघींनाही पोहोचते.

इथून मी एकेका गटाकडे वळतो.

चौदा वर्षांखालील गट हा दिसायला सर्वांत आनंदाचा आणि पारखायला सर्वांत फसवा. या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ बहुतेक सुरू होऊन गेलेला असतो, तर मुलांचा काळ सरासरीने दोन वर्षे मागे असतो. शिवाय एकाच इयत्तेतील दोन मुलांच्या वाढीत मोठी तफावत असते. एकाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारच्या रांगेतील दुसरा अजून बालक दिसतो. गटाची जी तारीख ठरलेली असते, तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे मूल यांत जवळजवळ एक वर्षाचे अंतर असू शकते, तरी दोघे एकाच रेषेवर उभे राहतात. तेव्हा या गटात पहिला आलेला मुलगा पुष्कळदा लवकर वाढलेला मुलगा असतो. त्याचे कौतुक अवश्य करावे. मात्र पाचव्या क्रमांकाच्या लहानखुऱ्या मुलाला 'हे तुझे काम नव्हे' असे कोणी म्हणू नये. तीन वर्षांनी चित्र उलटे झालेले मी अनेकदा पाहिले आहे.

या वयाला एकाच प्रकारात जखडून ठेवणेही योग्य नाही. धावणे, उडी आणि फेक या तिन्ही गोष्टी मुलाने कराव्यात. खो-खो, लंगडी, लगोरी हे आपले जुने खेळ यासाठी उत्तम आहेत. खो-खोत बसल्या जागेवरून उठून धावणे आणि खांबाला वळसा घालणे यांतून जी चपळाई येते, ती पुढे धावपटूला आयुष्यभर पुरते. गुडघ्याखाली हाडाच्या टोकाशी दुखते, अशी तक्रार उंची वाढताना खेळकर मुले वारंवार करतात. 'सराव चुकवायला निमित्त करतो' असे त्याला म्हणू नये. काही आठवडे उड्या आणि जोराचे धावणे कमी करावे, डॉक्टरांना दाखवावे आणि त्याला मैदानावर येत राहू द्यावे.

याच गटाच्या संदर्भात एक अप्रिय गोष्ट बोलणे मला भाग आहे. जन्मतारीख पुढे ओढून मुलाला खालच्या गटात उतरवण्याचा रोग आपल्या देशातील शालेय खेळांना फार वर्षांपासून जडलेला आहे. तो इतका बळावला, की डाव्या हाताच्या मनगटाची क्ष-किरण प्रतिमा घेऊन हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज करण्याची टीडब्ल्यू-३ पद्धत स्पर्धांत आणावी लागली. खोटे वय लावलेला मुलगा जिंकतो, तेव्हा खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात प्रामाणिकपणाविषयी जो संशय शिरतो, तो कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासाने निघत नाही. आणि जिंकणाऱ्याचे तरी भले कुठे होते? एकदा लावलेले खोटे वय सतराव्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षी आणि पुढे नोकरीच्या अर्जातही निभवावे लागते. आपल्या शाळेने या बाबतीत काटेकोर राहावे. तसे राहिल्याने एखादे पदक जाईल. ते गेले तर जाऊ द्यावे.

सतरा वर्षांखालील गट हा माझ्या दृष्टीने हंगामाचा कणा आहे आणि तोच कमकुवत असतो. कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे : दहावी. नववीची परीक्षा आटोपली, की घरी ठराव होतो आणि मुलाचे बूट माळ्यावर जातात. पालकहो, मी अभ्यासाच्या विरुद्ध बोलणारा माणूस नाही. केवळ पंचांग पाहून एक हिशेब मांडतो. जिल्हा आणि संभागाच्या स्पर्धा साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे आटोपतात. मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. मधे तीन-चार महिने उरतात. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत स्पर्धा आणि परीक्षा या तारखा एकमेकींवर येतच नाहीत. टक्कर होते ती आपल्या मनातील भीतीशी. दिवाळीपर्यंत रोज एक तास आणि त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास, एवढे मैदान दहावीच्या मुलाला परवडते. तो तास काढून घेतला, तर तो पुस्तकाला मिळेल याची खात्री आजच्या काळात कोणत्या पालकाला देता येईल? हातात मोबाइल असलेल्या घरांत तर मुळीच नाही.

मुलींच्या बाबतीत दहावीच्या जोडीला आणखी कारणे असतात आणि त्यांविषयी संकोच सोडून बोलले पाहिजे. तेरा-चौदाव्या वर्षानंतर मुलीचे शरीर बदलते. वर्ष-दोन वर्षे तिची वेळ सुधारत नाही, कधी थोडी मागेही जाते. हे स्वाभाविक आहे, हे तिला कोणी सांगत नाही. 'माझ्यात आता दम राहिला नाही' अशी तिची समजूत होते आणि ती सोडून देते. मासिक पाळीच्या दिवसांत काय करावे, हे विचारायला तिला मैदानावर एखादी बाई हवी. रक्तातील लोह कमी असेल तर दम लवकर लागतो. साधी तपासणी, डाळ, हिरव्या भाज्या, गूळ, खजूर आणि डॉक्टरांनी सांगितल्यास गोळ्या, एवढ्याने फरक पडतो. पहाटेच्या अंधारात एकटीने यावे लागत असेल, तर घरच्यांचा विरोध हा विरोध म्हणून धरू नये. ती काळजी आहे. तिचे उत्तर शाळेने द्यायचे. सरावाची वेळ उजाडल्यानंतरची ठेवावी, मुलींनी जोडीने यावे-जावे आणि मैदानावर बाई हजर असाव्यात. या तीन गोष्टी झाल्या, की 'हो' म्हणणारी घरे वाढतात, हा माझा अनुभव आहे.

एकोणीस वर्षांखालील गटात थोडी मुले उरतात. अकरावी-बारावी, शिकवणी वर्ग, प्रवेशपरीक्षा यांतून जे वेळ काढतात, ते खरे आवडीने धावणारे असतात. या मुलांना पुढची वाट दाखवणे हे शाळेचे काम आहे. आपले शहर सैन्याचे शहर आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची केंद्रे जबलपुरात आहेत आणि महार रेजिमेंटचे केंद्र आपल्या शेजारच्या सागरला आहे.

महार रेजिमेंटचे नाव घेतले, म्हणून अविनाश साबळे यांच्याविषयी सांगतो. ते बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे. लहानपणी घरापासून शाळेपर्यंत सहा किलोमीटरची वाट चालत-धावत जाणारा हा मुलगा. बारावीनंतर ते महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत दाखल झाले. सियाचिनमध्येही त्यांनी सेवा केली. स्टीपलचेस ही तीन हजार मीटरची अडथळ्यांची आणि पाण्याच्या खड्ड्याची शर्यत त्यांनी सैन्यात गेल्यावर हाती घेतली. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ते सुवर्णपदकाचे मानकरी झाले. आता विचार करा. अविनाश साबळे यांची पारख चौदाव्या वर्षीच्या पदकांवरून करायची असती, तर देशाला हा धावपटू मिळाला असता का?

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी मॅरेथॉनमध्ये नाव मिळवल्यावर पंचविशीच्या सुमारास स्टीपलचेसकडे मोहरा वळवला. २०१५ साली त्या आशियाई विजेत्या झाल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांना २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळाले, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. लांब पल्ल्याचा धावपटू विशी ओलांडल्यावर फुलतो. शाळेच्या वयात त्याला पदक देता आले नाही तरी चालते. त्याची धावण्याची गोडी टिकवणे मात्र शाळेच्याच हाती असते.

आपल्या मराठी समाजाला या विषयाचा वारसाही थोडाथोडका नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार पक्का झाला. त्यातून १९२० साली अँटवर्पला जो छोटा संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्यांच्यासाठी ना वयोगट होते, ना संभागीय स्पर्धा, ना शाळेचा चमू. अंगच्या दमावर जेवढे जाता येईल तेवढे ते गेले. आपल्या मुलांपुढे आज पायऱ्यांची शिडी उभी आहे, तिचे मोल यावरून कळावे.

ही शिडी आपोआप उभी राहिली नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. जबलपूर आणि अमरावती तेव्हा एकाच प्रांतात होते आणि १९५६ पर्यंत एकाच राज्यात राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी, १९५७ साली, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. शाळेत शिकलेला-सवरलेला व्यायामशिक्षक असावा, त्याचा तास हा मोकळा तास समजू नये, हा विचार या परंपरेने आपल्याला दिला. अजूनही परीक्षा जवळ आल्या की पहिल्यांदा खेळाचा तास कापला जातो. हीरक महोत्सवी वर्षात ही रूढी मोडली, तर त्याहून मोठे स्मारक कोणते?

आता माझ्या विनंत्या. शिक्षकाच्या सवयीप्रमाणे त्या क्रमाने सांगतो.

पहिली विनंती शाळेला. प्रत्येक खेळाडूची एक नोंदवही असावी. सहावीत तो मैदानावर आला, की त्याची उंची, वजन, साठ मीटर धावण्याची वेळ, लांब उडी आणि सहाशे मीटरची वेळ त्यात लिहावी आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा लिहावी. बारावीत तो जाईल, तेव्हा ती वही त्याच्या हाती द्यावी. शिक्षक बदलले तरी वही बदलू नये. पाचव्या क्रमांकाच्या मुलाला आपण पुढे सरकतो आहोत, हे पदक सांगत नाही. वही सांगते.

दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. महोत्सवाच्या निधीतून ढाल आणि करंडक देण्याची आपली इच्छा मी जाणतो. करंडक अवश्य द्या. त्याबरोबर बूट द्या, स्टॉपवॉच द्या, उंच उडीची चांगली गादी द्या, संभागीय स्पर्धेला जाणाऱ्या मुलांचा प्रवास आणि खुराक यांचा भार उचला. आपल्यापैकी ज्या भगिनी पूर्वी या शाळेच्या चमूत धावल्या आहेत, त्यांनी आठवड्यातून एक सकाळ मैदानावर यावे. पंधरा वर्षांच्या मुलीला जे तुम्ही सांगू शकाल, ते आम्ही पुरुष शिक्षक सांगू शकत नाही.

तिसरी विनंती पालकांना. दहावीच्या वर्षी मुलाला मैदानावरून काढण्यापूर्वी एकदा शाळेत या. आपण मिळून वेळापत्रक आखू. डिसेंबरपर्यंत अभ्यास मागे पडतो आहे असे दिसले, तर सराव कमी करायला मी स्वतः सांगेन. परंतु न विचारता, न बोलता बूट माळ्यावर टाकू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे विनंती नाही, हुकूम आहे. हरलात तर दुसऱ्या दिवशी सरावाला या. जिंकलात तरी या. आणि चौघांत एक जण दोन दिवस दिसला नाही, तर उरलेल्या तिघांनी त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. संघ याला म्हणतात.

पुढील वर्षी क्रीडा विभागाचा अहवाल वाचला जाईल, तेव्हा त्यात दोन आकडे असावेत, अशी माझी अध्यक्ष महोदयांना प्रार्थना आहे. पदके किती मिळाली, हा एक. आणि चौदा वर्षांखालील गटातून आलेल्या मुलांपैकी किती जण सतरा वर्षांखालील गटात धावत आहेत, त्यांत मुली किती, हा दुसरा. पहिला आकडा कमी-जास्त होत राहील, तो मैदानाचा धर्मच आहे. दुसरा आकडा मात्र बव्हंशी आपल्या हातात आहे. तो दरवर्षी वाढत गेला, तर अमृत महोत्सवाच्या वेळी या व्यासपीठावर बोलणाऱ्याला सांगण्यासारखे पुष्कळ असेल.